घराचा दलाल आणि त्याची परीक्षा

१ जानेवारी २०२४ पासून महाराष्ट्रात रिअल इस्टेट एजंट म्हणून नव्याने नोंदणी करायची असो किंवा जुनी नोंदणी चालू ठेवायची असो, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र लागते. वीस तासांचे प्रशिक्षण, मग संगणकावरची परीक्षा आणि शेवटी महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ते प्रमाणपत्र चढवायचे, असा हा क्रम आहे. त्याआधीची साडेसहा वर्षे अर्ज, पॅन कार्ड, पत्ता, छायाचित्र आणि शुल्क एवढ्यावर भागत होते. त्याही आधी मुंबई-पुण्यात मोबाईल आणि चार किल्ल्या हाताशी असल्या की माणूस एजंट होत असे.

या बदलाचे फार मोठे स्वागत झाले नाही की मोठा विरोधही झाला नाही. बांधकाम व्यवसायावरच्या बातम्यांत दलाल नेहमीच कडेला उभा असतो. तरीही प्रश्न महत्त्वाचा आहे. बहुतेक कुटुंबे आयुष्यात एखाद-दोन घरे घेतात आणि त्यांचा पहिला सल्लागार बहुधा हाच माणूस असतो. त्याला काय यायला हवे, ते कोणी तपासायचे आणि तपासल्याने ग्राहकाच्या पदरात काय पडते, यावर इथे आणि इतर देशांत आजवर काय झाले, त्याचा हा आढावा.

नोंदणीच्या आधी

महाराष्ट्रात घरखरेदीदाराच्या संरक्षणाचा कायदा देशात लवकर आला. १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरला नोंदणीकृत करार करायला, इमारतीची माहिती उघड करायला आणि सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण करून द्यायला बांधून घेतले. तो किती पाळला गेला, हा वेगळा विषय. आपल्या विषयापुरते सांगायचे, तर त्या कायद्याचा रोख बिल्डरवर होता. खरेदीदाराला त्याच्या दारापर्यंत आणणारा दलाल त्याच्या नजरेबाहेर राहिला.

त्यामुळे दलालाला लागू पडणारा मुख्य कायदा उरला तो १८७२ चा भारतीय करार कायदा. त्यातले अभिकर्त्यावरचे, म्हणजे एजंटवरचे, प्रकरण आजही वाचण्यासारखे आहे. मालकाचे, म्हणजे ज्याच्या वतीने तो व्यवहार करतो त्याचे, काम करताना एजंटने त्याला न सांगता स्वतःचा फायदा करून घेतला, तर तो फायदा मालक परत मागू शकतो, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. अडचण एवढीच की त्यासाठी आधी मालक कोण ते ठरायला हवे. आपल्याकडच्या पुनर्विक्रीत दलाल विकणाऱ्याकडून टक्का-दोन टक्के घेतो आणि घेणाऱ्याकडूनही तेवढेच घेतो. भाड्याच्या घरात साधारण एक महिन्याचे भाडे, तेही पुष्कळदा दोन्हीकडून. अशा व्यवहारात दोन मालक झाले आणि दोघांचे हित एकमेकांच्या विरुद्ध. हा गुंता पुढे प्रत्येक वळणावर पुन्हा भेटतो.

काही राज्यांनी रेरा या केंद्रीय कायद्याची वाट पाहिली नाही. हरियाणाने २००८ मध्ये प्रॉपर्टी डीलर आणि सल्लागारांसाठी स्वतंत्र कायदा करून परवाना आणला. गुरुग्रामच्या झपाट्याने वाढलेल्या बाजाराची पार्श्वभूमी त्याला होती. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला, पण केंद्राचा कायदा आल्यावर तो रद्द झाला.

रेराने काय दिले

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, म्हणजेच रेरा, मार्च २०१६ मध्ये संसदेत संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्यात एजंटची व्याख्या ऐसपैस आहे. मोबदला घेऊन एकाच्या वतीने दुसऱ्याशी घराचा, भूखंडाचा व्यवहार जुळवणारा, ओळख करून देणारा, मग त्याला डीलर म्हणा, ब्रोकर म्हणा की मध्यस्थ, तो एजंट. कलम ९ ने त्याला नोंदणी सक्तीची केली. कलम १० ने कर्तव्ये सांगितली: नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर विकायला मदत करायची नाही, हिशेबाची पुस्तके ठेवायची, दर्जाबद्दल किंवा मान्यतेबद्दल खोटे सांगायचे नाही आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सगळी कागदपत्रे मिळतील असे पाहायचे. नोंदणीशिवाय धंदा केला किंवा ही कर्तव्ये मोडली, तर कलम ६२ नुसार दिवसाला १०,००० रुपये दंड. तो साठत साठत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ऐंशी लाखांच्या फ्लॅटमागे चार लाख, म्हणजे त्या व्यवहारातल्या दलालीहून जास्त.

राज्याच्या २०१७ च्या नियमांनी व्यक्तीला १०,००० रुपये आणि कंपनी किंवा भागीदारी संस्थेला एक लाख रुपये शुल्क ठरवले. नोंदणीची मुदत पाच वर्षे. शिक्षणाची किंवा अनुभवाची अट नव्हती. कायदा करणाऱ्यांच्या मनात एजंट हा मुख्यतः माग ठेवण्याचा विषय होता: तो कोण आहे, कुठे सापडेल, तक्रार आली तर कोणाला बोलवायचे. त्याला आपले काम येते का, हा प्रश्न त्यांनी राज्यांवर सोडला आणि राज्यांनी बरीच वर्षे तो उचलला नाही.

परीक्षा आली

१० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने पात्रतेचा हा प्रश्न उचलला. एजंट हा ग्राहक आणि विकसक यांच्यातला पहिला दुवा आहे, त्याने दिलेल्या माहितीवर लोक आयुष्याची कमाई लावतात, म्हणून त्याला कायद्याची किमान जाण हवी, अशी भूमिका होती. प्रशिक्षणाचे काम नरेडको, क्रेडाई-एमसीएचआय यांसारख्या व्यवसायातल्या संघटनांकडे गेले. परीक्षा मात्र त्यांच्या हातात ठेवली नाही. ती बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसकडे दिली. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा ठेवणे ही या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणायला हवी. आपल्याकडच्या अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत ती पाळली जात नाही.

मुदत आधी १ मे २०२३ होती, ती १ सप्टेंबरवर गेली आणि शेवटी १ जानेवारी २०२४ वर येऊन थांबली. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. चारशेच्या आसपास उमेदवार बसले आणि निकाल शेकडा नव्वदच्या वर लागला. पुढच्या फेऱ्यांत संख्या हजारांत गेली, निकालाचे प्रमाण मात्र उंचच राहिले. परीक्षा सोपी होती की उमेदवार तयार होते, यावर धंद्यातल्या लोकांत बरीच चर्चा झाली. परवाना देणारी प्रवेश परीक्षा आणि आधीच धंद्यात असलेल्यांची उजळणी परीक्षा यांचे निकाल सारखे लागत नाहीत, एवढे लक्षात घेतले पाहिजे.

खरा परिणाम २०२४ च्या मध्यावर दिसला. तोवर महाराष्ट्रात सुमारे ४७,००० एजंटांनी कधी ना कधी नोंदणी केली होती. त्यातल्या तेरा हजारांहून अधिक नोंदण्या नूतनीकरण न केल्यामुळे आधीच गळाल्या होत्या. प्रमाणपत्र न चढवल्याबद्दल महारेराने आणखी सुमारे २०,००० जणांची नोंदणी एक वर्षासाठी स्थगित केली. ढोबळ हिशेब केला, तर त्या घडीला अधिकृतपणे काम करू शकणारे तेरा-चौदा हजारच उरले.

बाकीचे कुठे गेले? काही जण हौशी असणार. २०१७ च्या उत्साहात नोंदणी केली आणि नंतर धंदा सोडला. काही जण प्रकल्पांऐवजी जुन्या घरांचे व्यवहार करत असणार, त्यांना नोंदणीची गरजच नव्हती. आणि काही जण प्रमाणपत्राशिवाय आजही काम करत असणार. या तीन गटांची विभागणी आकड्यांतून कळत नाही आणि प्रशिक्षणाच्या यशापयशाचे बरेचसे उत्तर त्या विभागणीत दडलेले आहे.

वीस तासांत काय मावते

अभ्यासक्रमाचा गाभा रेरा कायदा आणि त्याभोवतीचा कागद आहे. चटई क्षेत्र म्हणजे काय आणि सुपर बिल्टअपवर भाव सांगणे का चालत नाही. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात राहतात. ताबा लांबला तर व्याज किंवा परतावा मागता येतो. बांधकामातला दोष पाच वर्षांत दिसला तर विकसकाने दुरुस्त करून द्यायचा. प्रकल्पाचे पान संकेतस्थळावर कसे वाचायचे, मंजूर आराखडा, बोजा आणि खटले कुठे दिसतात, हेही आले. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा झाल्यावर हे पान ग्राहकाच्या मोबाईलवर एका झटक्यात उघडते. ते पान एजंटला वाचता येत नसेल, तर त्याची फजिती ठरलेलीच.

नव्या प्रकल्पात काम करणाऱ्या एजंटसाठी, म्हणजे चॅनेल पार्टनरसाठी, ही शिदोरी बरी आहे. पण महाराष्ट्रातला एजंट एकाच प्रकारचा नाही.

दादर-गिरगावातल्या दलालासमोर पागडीची खोली येते. तिथे भाडेनियंत्रण कायदा, घरमालकाची संमती आणि पुनर्विकासाचा करार हे मुख्य प्रश्न. ठाण्याच्या तीस वर्षे जुन्या सोसायटीत विक्रीचा फ्लॅट असेल, तर भागप्रमाणपत्र कोणाच्या नावे आहे, आधीच्या व्यवहारांची साखळी पूर्ण आहे का, मृत सभासदाच्या नामनिर्देशिताला विकण्याचा हक्क आहे की वारसांचा, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का आणि अभिहस्तांतरण झाले आहे का, हे पाहावे लागते. लिव्ह अँड लायसन्सवर घर देणाऱ्याला १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे कलम ५५ माहीत हवे: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची.

शहराबाहेर गेले की विषयच बदलतो. कर्जत, तळेगाव, अलिबाग, सातारा या पट्ट्यात एजंट गुंठ्यांत बोलतो. चाळीस गुंठ्यांचा एकर, एक गुंठा १,०८९ चौरस फूट. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही, हा १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ चा नियम त्याला ठाऊक असतो, पण तो गिऱ्हाईकाला केव्हा सांगायचा हे त्याच्या मर्जीवर असते. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा, गुंठेवारी, बिगरशेती परवानगी, सात-बारावरचे इतर हक्क, फेरफार आणि रस्त्याचा हक्क हे सगळे वाचायला वकिलाची नजर लागते. ‘एनए होणारच आहे, काम चालू आहे’ या वाक्यावर विकल्या गेलेल्या प्लॉटची संख्या कोणी मोजलेली नाही. मोठा भूखंड तुकडे पाडून विकला जात असेल आणि क्षेत्र पाचशे चौरस मीटरच्या वर असेल, तर तो रेराच्या कक्षेत येतो. सुटा सात-बारा येत नाही.

भाषेचाही एक बारीक पेच आहे. मुंबईतला विक्री करार बहुधा इंग्रजीत असतो, जमिनीचा कागद मराठीत. दोन्ही नीट वाचू शकणारा एजंट मिळणे अवघड.

त्यात डिसेंबर २०२० पासून आणखी एक जबाबदारी आली. वर्षाला वीस लाख किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेले एजंट आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली आले. गिऱ्हाईकाची ओळख पटवायची, नोंदी जपायच्या, संशयास्पद व्यवहार कळवायचा. रोखीच्या भागावर वर्षानुवर्षे चाललेल्या बाजारात हे काम दलालाला सांगणे म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या देणे, असे कोणी म्हणेल. पण नियम आहे आणि अभ्यासक्रमाने तो गंभीरपणे शिकवायला हवा.

कोण काय म्हणतो

प्रशिक्षणाच्या बाजूचा युक्तिवाद माहितीच्या विषमतेवर उभा आहे. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो. घराच्या बाजारात ही विषमता कितीतरी मोठी. ग्राहक संघटना आणि नियामक म्हणतात की किमान पात्रता ठरवली की निदान अडाणीपणातून होणारे नुकसान थांबते. शिवाय ज्याने पैसे आणि वेळ घालून प्रमाणपत्र मिळवले, त्याला ते गमावण्याची भीती राहते. हा दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. नोंदणी सहज मिळत असेल, तर ती रद्द होण्याचा धाकही हलका असतो.

एजंटांच्या तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच रास्त आहेत. पंचवीस वर्षे धंदा केलेल्या माणसाला संगणकापुढे बसवून परीक्षा घ्यायची, पण त्याच्या अनुभवाला गुण नाहीत. तालुक्याच्या गावी वर्षाला चार व्यवहार करणाऱ्याला नोंदणी शुल्क, प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रवास एवढा खर्च परवडत नाही. मोठ्या ब्रोकिंग कंपन्यांना तो जाणवतही नाही. छोट्या एजंटांच्या मते नियमांचा भार खालच्यावर पडतो आणि फायदा वरच्याला होतो. आणखी एक तक्रार विकसकांकडे बोट दाखवते. चुकीचे माहितीपत्रक विकसकाने दिले, एजंटने ते पुढे केले, तर चूक कोणाची?

विकसकांच्या संघटना बहुतांशी अनुकूल राहिल्या. प्रशिक्षणाच्या कामात त्या स्वतःच भागीदार आहेत. प्रकल्पाच्या विक्रीला नोंदणीकृत एजंटच घ्यायचा आणि करारात व वाटपपत्रात त्याचा तपशील द्यायचा, हे बंधन त्यांच्यावर आहे. त्यांच्यासाठी प्रशिक्षित विक्रेता म्हणजे कमी तक्रारी.

शंका घेणारा चौथा गट अर्थतज्ज्ञांचा आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच लिहिले होते की व्यवसायाचे परवाने ग्राहकाच्या नावाने मागितले जातात, पण मागणारे बहुधा त्या व्यवसायातलेच असतात आणि हेतू नव्या माणसाला बाहेर ठेवण्याचा असतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने काढलेल्या अहवालानेही परवान्यांमुळे किंमत वाढते, दर्जा वाढल्याचे पुरावे मात्र अपुरे आहेत, असा निष्कर्ष मांडला. तिथल्या विसंगतींवर विनोद करणे सोपे आहे. कॅलिफोर्नियात केस कापण्याच्या परवान्याला १,००० तासांचे शिक्षण लागते आणि घर विकण्याच्या परवान्याला १३५.

पण खास दलालांवर केलेल्या दोन अभ्यासांकडे जास्त लक्ष द्यायला हवे, कारण ते प्रशिक्षणाच्या मर्यादा दाखवतात. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्री तपासल्या. एजंट स्वतःचे घर विकतो, तेव्हा ते बाजारात साडेनऊ दिवस जास्त थांबते आणि ३.७ टक्के जास्त किमतीला जाते. हे सगळे परवानाधारक, परीक्षा दिलेले लोक. हिशेब आपल्या भाषेत मांडू. एक कोटीचा फ्लॅट, दलाली एक टक्का. महिनाभर थांबून मालकाला तीन लाख जास्त मिळणार असतील, तर दलालाच्या हाती पडतात फक्त तीन हजार. तो ‘घेऊन टाका, पार्टी चांगली आहे’ असेच म्हणणार. त्याला ज्ञान कमी नाही. त्याची दलालीच त्याला घाई करायला लावते.

चांग-ताई शिये आणि एन्रिको मोरेट्टी यांचा २००३ चा अभ्यास दुसरी बाजू दाखवतो. दलालीचा टक्का ठरलेला असल्यामुळे ज्या शहरात घरे महाग होतात तिथे दलालांची गर्दी होते, प्रत्येकाच्या वाट्याला व्यवहार कमी येतात आणि त्यांची कमाई होती तिथेच राहते. महाराष्ट्रात २०१७ ते २०२४ या काळात नोंदण्यांचा जो चढउतार झाला, त्याकडे या नजरेने पाहायला हरकत नाही. सोप्या प्रवेशाची गर्दी आणि मग परीक्षेची चाळणी.

बाहेरचे चार मार्ग

अमेरिकेत परवाने राज्यांकडे आहेत. कॅलिफोर्नियाने १९१७ मध्ये कायदा केला, तो न्यायालयात टिकला नाही, १९१९ चा टिकला. आज टेक्सासमध्ये १८० तास, न्यूयॉर्कमध्ये ७७, फ्लोरिडात ६३, मॅसॅच्युसेट्समध्ये ४० तासांचे शिक्षण लागते. तासांच्या या पसाऱ्याने प्रामाणिकपणात तेवढाच फरक पडतो, असे कोणी दाखवलेले नाही. उलट तिथला अलीकडचा सर्वांत मोठा बदल परीक्षेतून आला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरीतल्या ज्यूरीने दलाली संगनमताने चढी ठेवल्याबद्दल एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध निकाल दिला. पुढे संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करून मोबदला ठरवणे आवश्यक झाले.

ब्रिटन याच्या उलट टोकाला. १९७९ च्या कायद्यानुसार कोणीही एजंट होऊ शकतो. गैरवर्तन केले तर बंदी घालता येते. पात्रतेचे निकष ठरवण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, पण ती कधीच अमलात आली नाही. त्याऐवजी तक्रार निवारण योजनेचे सभासदत्व सक्तीचे झाले. जुलै २०१९ मध्ये लॉर्ड बेस्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने एजंटांना किमान शैक्षणिक पात्रता आणि स्वतंत्र नियामक असावा, अशी शिफारस केली. ती वर्षानुवर्षे पडून राहिली.

सिंगापूरने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करून इस्टेट एजन्सी परिषद स्थापन केली. परीक्षा आहे, शालेय शिक्षणाची अट आहे, प्रत्येक विक्रेत्याचे नाव सार्वजनिक नोंदवहीत आहे. पण दोन नियम त्याहून मोलाचे. एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधित्व करता येत नाही आणि घरविक्रीचे पैसे एजंटने हाताळायचे नाहीत. आपल्याकडची टोकनची रक्कम दलालाच्या खिशात आठवडाभर फिरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला दुसऱ्या नियमाचे मोल लगेच कळेल.

स्वीडनने नेमका उलटा विचार केला. तिथे दलाल तटस्थ मध्यस्थ असतो आणि दोन्ही बाजूंचे हित पाहणे हेच त्याचे कायदेशीर कर्तव्य. हे अवघड काम पेलण्यासाठी त्याला सुमारे दोन वर्षांचे विद्यापीठीय शिक्षण घ्यावे लागते. आपला दलाल व्यवहारात स्वीडिश आहे, दोन्हीकडून घेतो. त्याच्याकडून अपेक्षित शिक्षण मात्र वीस तासांचे.

जे अजून सुटलेले नाही

पहिला मोकळा प्रदेश पुनर्विक्री आणि भाड्याचा. कलम ९ ची नोंदणी कलम ३ खाली नोंदलेल्या प्रकल्पातल्या घरांपुरती आहे. जुन्या सोसायटीतला फ्लॅट, चाळीतली खोली, विद्यार्थ्याला हवी असलेली भाड्याची जागा यांत मध्यस्थी करणारा रेराच्या बाहेर राहतो. अनेक कुटुंबांचा दलालाशी पहिला संबंध भाड्याच्या घरातूनच येतो. म्हणजे जिथे ग्राहक सर्वांत हतबल असतो, तिथे पात्रतेचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

दुसरा प्रश्न निष्ठेचा. एजंट कोणाचा, हे आपल्या नियमांनी स्पष्ट सांगितलेले नाही. नव्या प्रकल्पात त्याला दलाली विकसक देतो, बहुधा किमतीच्या दोन-तीन टक्के, माल रेंगाळला तर त्याहून जास्त. तरीही खरेदीदार त्याला आपला माणूस समजतो. सिंगापूरसारखी दुहेरी प्रतिनिधित्वाला बंदी घातली तर छोट्या शहरातल्या एकट्या दलालाचा धंदा निम्मा होईल. स्वीडनसारखे तटस्थ ठेवायचे तर प्रशिक्षणाचा दर्जा कित्येक पटींनी वाढवावा लागेल. मधला मार्ग अमेरिकेने अलीकडे धरला: कोण किती देतो, हे आधी कागदावर आणा. आपल्याकडे हा मार्ग सर्वांत स्वस्त आणि अमलात आणायला सोपा वाटतो.

तिसरा प्रश्न सततच्या शिक्षणाचा. पाच वर्षांत चटई क्षेत्राचा नियम बदलत नसेल, पण मुद्रांक शुल्क, विकास नियंत्रण नियमावली, पुनर्विकासाची धोरणे आणि तुकडेबंदीचे नियम बदलत राहतात. एकदा उत्तीर्ण झाले की कायमचे, अशी समजूत रुजली तर वीस तासांचेही मोल उरत नाही.

चौथा, विकसकाच्या पगारावर असलेल्या विक्री कर्मचाऱ्याचा. साईट ऑफिसात वातानुकूलित खोलीत बसून तो एजंटचेच काम करतो. कायद्यातली एजंटची व्याख्या मात्र शुल्क घेणाऱ्या मध्यस्थाला समोर ठेवून लिहिलेली आहे. या कर्मचाऱ्याची चूक झाली तर जबाबदारी विकसकाची, एवढेच आज नक्की सांगता येते.

अंमलबजावणीबद्दल थोडक्यात. दंडाची तरतूद कडक आहे, पण ती वापरायला तक्रार लागते. दलालाविरुद्ध तक्रार करणारा ग्राहक विरळा, कारण व्यवहार फसला की त्याचा राग बिल्डरवर निघतो आणि व्यवहार जमला की दलाल विसरला जातो.

या सगळ्यांत क्रम लावायचा तर माझ्या मते अभ्यासक्रमाचे तास वाढवणे शेवटी येते. आधी पुनर्विक्री आणि भाड्याचे दलाल नोंदणीखाली यावेत, त्याबरोबरच दलाली कोण आणि किती देतो हे प्रत्येक व्यवहारात लेखी द्यायची सक्ती व्हावी, आणि मग जमिनीच्या एजंटांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखावा. यातला जमिनीच्या अभ्यासक्रमाचा भाग महारेराला आदेश काढून करता येईल. पुनर्विक्री आणि भाड्याचे घर रेराच्या कक्षेबाहेर असल्यामुळे पहिला भाग प्राधिकरणाच्या हातात नाही. त्यासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागेल.